चाऱ्याच्या तक्त्यात टॅनिनचा रकाना हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चैत्र-वैशाखात डोंगरउतारावरचे गवत करपले की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आम्हा दूध उत्पादकांची मदार झाडपाल्यावर असते. अशा वेळी हाती पडणाऱ्या पत्रकांत पाल्याची पारख 'प्रथिने इतके टक्के' या एकाच आकड्याने केलेली असते. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका पत्रकावर विसंबून मी पेंड कमी केली आणि फणसाचा पाला वाढवला. आठवडाभरात गाईचे दूध उतरले, शेण घट्ट व काळपट पडू लागले आणि निम्मा पाला गव्हाणीतच राहू लागला. शेजाऱ्याच्या शेळ्या मात्र तोच पाला देठासकट फस्त करीत होत्या.

याचे मूळ पानांतल्या तुरट द्रव्यात, म्हणजे टॅनिनमध्ये आहे. तुरट पान चावल्यावर जीभ कोरडी पडून आखडते, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना घट्ट धरते. हिरड्याने कातडे कमावतात तेही याच गुणावर. गाईच्या कोटीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, जिथे सामू (pH) साधारण ६ ते ७ असतो, पाल्यातली प्रथिने अशीच बांधली जातात. मग तिथल्या जिवाणूंना पुरेसा अमोनिया मिळत नाही, त्यांची विकरेही (चारा फोडणारी द्रव्ये) टॅनिनच्या तावडीत सापडतात, तंतुमय चारा आंबायला उशीर लागतो आणि पोट लवकर रिते न झाल्याने जनावर खाणे आवरते घेते. प्रयोगशाळेत मात्र पाल्यातले नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणतात व त्यालाच प्रथिन म्हणतात. ते मोकळे की बांधलेले, याचा त्यातून पत्ता लागत नाही. पत्रकातला आकडा खरा असूनही माझ्या गाईच्या अंगी लागला नाही तो यामुळे.

टॅनिन सरसकट वाईट, असे मात्र कोणी समजू नये. कोरड्या वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के 'घनीभूत' प्रकारचे टॅनिन असेल, तर जिवाणूंपासून वाचलेली प्रथिने पोटाच्या चौथ्या कप्प्यातल्या तीव्र आम्लात सुटतात आणि लहान आतड्यात पचतात. पोटफुगी टळते, मिथेनही काहीसा घटतो. प्रमाण ५-६ टक्क्यांपलीकडे गेले की तोटा सुरू होतो, आणि गाईपेक्षा शेळी ते अधिक सोसते. शिवाय झाडागणिक, पानाच्या वयागणिक व ऋतूगणिक हे प्रमाण बदलते, त्यामुळे परमुलखातले आकडे आमच्या उपयोगाचे नाहीत.

जुने गोवे येथे एला भागात किनारी शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे, राज्याचे पशुसंवर्धन खातेही आहे. फणस, उंबर, माडत (ऐन) यांचा पाला आणि फेणीच्या भट्ट्यांवर उरणारा काजूच्या बोंडूचा चोथा यांची तपासणी तिथे व्हावी. नमुना कोटीपोटातल्या द्रवात एकदा नुसता व एकदा टॅनिनला अडवणारे पॉलिएथिलीन ग्लायकॉल घालून आंबवला, तर दोन्ही वेळी निघणाऱ्या वायूच्या फरकावरून टॅनिनचा परिणाम कळतो. आलेले आकडे गाय आणि शेळी यांच्यासाठी वेगवेगळ्या रकान्यांत, पावसाळ्याआधी आमच्या हाती पडावेत. नमुन्यासाठी लागेल तेवढा पाला मी स्वतः तोडून आणून देईन.

आपला नम्र,
एक दूध उत्पादक, वाळपई (सत्तरी)