कॅटेगरी लागली की गेटवर?

महोदय,

मे २०२५ मधल्या ऑपरेशन सिंदूरनंतर ड्रोनवर भरपूर छापून येते आहे. ती उडवायला आणि दुरुस्त करायला माणसे कुठून आणायची, यावर मात्र फारसे कुणी बोलत नाही. २६ वर्षे लष्करात काढलेल्या माझ्यासारख्याला वाटते, निम्मी माणसे घरातच आहेत. लो मेडिकल कॅटेगरीतले, म्हणजे आजारपणाने किंवा दुखापतीने तब्येतीचा दर्जा खाली आलेले जवान बघा.

सैन्यात तब्येत ‘शेप’वर, म्हणजे पाच गोष्टींवर मोजतात. मन, कान, हातपाय, अंगची ताकद, डोळे. प्रत्येकाला आकडा: एक म्हणजे ठणठणीत, पाच म्हणजे घरी. हाल मधल्यांचे. मेडिकल बोर्ड लिहून देते: उंचावर पाठवू नये, वजन उचलायला लावू नये, पळवू नये. मग तो करणार काय? ते युनिटने बघायचे, आणि युनिटला तेवढी सवड कुठली! मिळते ते गेटवरचे रजिस्टर, कॅन्टीनचा गल्ला, नाहीतर लंगरातल्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातल्या रेशनची मोजदाद.

आमच्याकडे एकाचा गुडघा कामातून गेला होता. वडिलांचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज, त्यामुळे पोरगा डिझेलच्या वासातच वाढलेला. गेटवर बसल्या बसल्या मागच्या जनरेटरचा आवाज ऐकून म्हणाला, ‘‘साहेब, नोझल गेलंय.’’ मेकॅनिकने उघडले, तर खरेच. तरी पुढची दोन वर्षे तो गाड्यांचे नंबरच लिहीत राहिला. त्यात माझीही चूक आहे. मी वर शब्द टाकायला हवा होता.

१९७१ च्या युद्धात पाय गमावलेल्या इयान कार्डोझो यांनी पुढे हट्ट धरून लाकडी पायावर पलटण सांभाळली, ब्रिगेडही सांभाळली. पण ते अधिकारी. शिपायाने असा हट्ट कुणापुढे धरायचा?

जायबंदी सैनिकांना हुन्नर शिकवायला १९१७ साली निघालेली क्वीन मेरी संस्था आमच्या खडकीत आजही चालू आहे. पण तिथला भर वर्दी उतरवल्यानंतरच्या पोटापाण्यावर. तसेच शिक्षण वर्दीत असतानाच का देऊ नये? ड्रोनची बॅटरी, मोटर, कॅमेरा बदलायला दहा किलोमीटर पळावे लागत नाही. बोर्डाच्या कागदावर ‘काय करू नये’च्या खाली ‘याला काय येते’ एवढी एक ओळ जवानाला विचारून भरली, तरी सुरुवात होईल.

गुडघ्यावाला आमचा गडी आता गावी डिझेल पंप दुरुस्तीचे दुकान चालवतो. स्टुलावर बसून.

– एक निवृत्त नायब सुभेदार, खडकी, पुणे