आप्पांना, विनिपेगहून

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पंधरा वर्षं ग्रामपंचायतीत विरोधात बसलो, हाती काय लागलं? यंदा उभाच राहत नाही." तेव्हा मला काही बोलायला सुचलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

इथे कॅनडात, आमच्या विनिपेगमध्ये, एका शाळेला स्टॅन्ली नोल्स यांचं नाव आहे. हे कोण, म्हणून वाचायला घेतलं आणि तुम्हीच डोळ्यांसमोर आलात. आधी छापखान्यात खिळे जुळवणारे, मग पाद्री, आणि १९४२ च्या पोटनिवडणुकीत विनिपेग नॉर्थ सेंटरचे खासदार. तिथून १९८४ पर्यंत १३ निवडणुका जिंकल्या. मध्ये १९५८ च्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या लाटेत एकदा पडले, १९६२ ला परत आले. पक्ष डावा: आधी सीसीएफ, मग त्यातूनच पुढे आलेला एनडीपी. दोन्ही पक्षांना राजधानी ओटावात, म्हणजे केंद्रात, कधीच सत्ता मिळाली नाही. म्हणजे सगळी वर्षं विरोधी बाकावर! आपल्या सांगोल्याचे आमदार गणपतराव आबा देशमुख दोनदा तरी मंत्री झाले, यांना तेही नाही. १९५७ मध्ये पंतप्रधान डीफेनबेकर यांनी सभापतिपद देऊ केलं होतं, तेही नाकारलं. सभापतीला वादात उतरता येत नाही ना.

आणि वाद कशासाठी? म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी. १९२७ च्या कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त २० डॉलर, तेही सत्तरी उलटलेल्या आणि गरिबी सिद्ध करणाऱ्यालाच. तो कायदासुद्धा विनिपेगच्याच वुड्सवर्थ आणि हीप्स या दोन खासदारांनी अल्पमतातल्या सरकारला कोंडीत धरून पदरात पाडून घेतला होता. वुड्सवर्थ वारले, त्यांच्याच जागेवर नोल्स आले आणि त्यांनी तो धागा सोडला नाही. १९५२ ला गरिबी सिद्ध करायची अट गेली. १९७० पर्यंत वय ६५ वर आलं. पुढे १९७३ मध्ये पेन्शन दर तीन महिन्यांनी महागाईप्रमाणे वाढू लागली, तेव्हाही सरकार अल्पमतात होतं आणि एनडीपीच्या पाठिंब्यावर उभं होतं. हे सगळं एकट्या नोल्स यांनी केलं असं नाही. पण दर अधिवेशनात उठून विचारणारा माणूस हाच.

सभागृहाचे नियम त्यांना तोंडपाठ. १९५६ मध्ये सरकारने गॅसवाहिनीचं विधेयक चर्चा आवळून रेटलं, तेव्हा नियमांवर बोट ठेवून विरोधकांनी ते आठवडेच्या आठवडे अडवलं. विधेयक शेवटी झालंच, पण पुढच्या वर्षी सत्ताधारी लिबरल पक्षाची २२ वर्षांची सत्ता गेली.

१९८४ ला ते थांबले, तेव्हा तेव्हाचे लिबरल पंतप्रधान पियेर त्रूदो यांनी त्यांना सभागृहात मधोमध, सचिवांच्या टेबलाशी, कायमची खुर्ची दिली. ज्यांच्याशी आयुष्यभर भांडले त्यांनीच दिली, आप्पा. हे वाचताना मला भरून आलं.

तुमची ती खाकी पिशवी आठवते. श्रावणबाळ पेन्शनच्या अर्जांनी फुगलेली, एसटीत मांडीवर घेऊन तुम्ही तालुक्याला निघालेले. त्यातली किती प्रकरणं मार्गी लागली, ते आईला विचारून वहीत लिहून ठेवा, मला वाचायचंय. आणि उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख लगेच कळवा.

आईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा