काळीकाठचे धनेश आणि आपले स्पीकर

प्रति,
संपादक महोदय,

विषय : काळी नदीच्या परिसरात सहलीला जाणाऱ्यांचा गोंगाट

महोदय,

मुलांच्या परीक्षा संपल्यावर एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही सहाजण, म्हणजे आम्ही दोघे, दोन मुले आणि माझे आई-वडील, पहाटे खानापूरहून निघून लोंढा-रामनगरमार्गे कर्नाटकातल्या दांडेलीजवळच्या गणेशगुडीला पोहोचलो. सकाळी काळी नदीत राफ्टिंग आणि दुपारनंतर अणशी राष्ट्रीय उद्यान असा बेत होता. सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडल्याशिवाय तेथे राफ्ट पुढे सरकत नाही, हे आम्हाला तिथे गेल्यावरच कळले. नावनोंदणी सकाळी नऊची आणि पाणी मात्र साडेबारानंतर! मुलांची तोंडे उतरली. आईने चिरमुऱ्यांचा डबा उघडला.

याच रिकाम्या वेळात स्थानिक वाटाड्या आम्हाला नदीकाठच्या एका जुन्या झाडाजवळ घेऊन गेला. झाडाच्या ढोलीचे तोंड विष्ठा आणि मातीच्या लेपाने लिंपलेले होते व मध्ये जेमतेम एक फट होती. आत कवड्या धनेशाची, म्हणजे मोठ्या चोचीच्या हॉर्नबिल पक्ष्याची, मादी अंडी-पिलांसाठी स्वतःला कोंडून घेऊन बसली होती आणि तिला दाणापाणी पुरवणे हे बाहेरच्या नराचेच काम होते. आम्ही लांबच थांबलो. थोड्या वेळाने पंखांचा जड फडफडाट करीत नर आला आणि घशात साठवून आणलेली उंबरे एकेक करून चोचीच्या टोकाने फटीतून आत सरकवू लागला. माझ्या सहावीतल्या मुलीने ती मोजली, सात. वडिलांनी तर चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

नर परत येण्याची आम्ही वाट पाहत असतानाच मागून एक मोठा गट ब्लूटूथ स्पीकर वाजवत आला आणि झाडाखालीच फोटोंसाठी उभा राहिला. नर उंबरांसह समोरच्या फांदीवर दोनदा बसला, दोनदा उडाला. गट जाईपर्यंत ढोलीकडे फिरकला नाही. वाटाड्याने हात जोडले, तर त्याचीच टिंगल झाली. पाहुण्यांना दरडावणे त्याच्या पोटावर येते, म्हणून त्यालाही दोष देता येत नाही. हे लोक आपल्याच भागातले, मराठी बोलणारे होते आणि लपवण्यात अर्थ नाही, रामनगरपर्यंत आमच्याही गाडीत गाणी मोठ्यानेच लागली होती.

नंतर राफ्टिंग झाले, मुले ओलीचिंब होऊन खिदळली. अणशीत वाघ दिसला नाही. सांबराच्या खुरांचे ठसे आणि एक शेकरू एवढ्यावर मुलगा खूश होता. १९८७ साली राष्ट्रीय उद्यान झालेले आणि २००७ पासून व्याघ्र प्रकल्पात असलेले हे रान बेळगावकरांना इतके जवळ आहे की सुट्टीच्या दिवशी आपल्याच गाड्यांची तेथे रांग लागते. म्हणूनच माझी विनंती सहल आयोजकांना आहे. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय ते कोणालाही राफ्टमध्ये बसू देत नाहीत. तेवढ्याच करड्या शब्दांत, स्पीकर आणल्यास प्रवेश मिळणार नाही, हे नावनोंदणीच्या पावतीवरच मराठी व कन्नडमध्ये छापावे. पाणी सोडण्याची अंदाजे वेळही त्याच पावतीवर लिहिली, तर आई-वडिलांसारख्या ज्येष्ठांना उन्हात ताटकळावे लागणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक, खानापूर