काठावर अडलेली वाकळ

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
12 नोव्हेंबर

प्रिय सुमे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. लिहायला बसलं की कोणीतरी हाक मारतं. वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, वेचणी सुरू आहे, बैठकीत छातीपर्यंत कापूस रचलाय. आज बाजाराचा दिवस, वेचायला बाया नाहीत, म्हणून ओट्यावर कागद घेऊन बसले. ख्यालीखुशाली नंतर. आधी माझं काम ऐक.

पोरीसाठी वाकळ शिवून राहिले मी. वसतिगृहात ब्लँकेट आहे, पण ते अंगावर राहतच नाही म्हणते. मग जुनेराची पेटी उघडली. यांचे चौकड्याचे सदरे, तिचा शाळेचा निळा स्कर्ट, ब्लाऊजपिसांच्या कतरणी, एक फुलाफुलांचा गाऊन (तू दिलेला, रागावू नको, पाठीत विरला होता). अस्तराला मामंजींचं धोतर. मधलं सगळं जुळलं, अडलं ते काठाशी. आणि काठ नंतर बघू असं म्हणता येत नाही, तुला माहीत आहे. आपला टाका काठापासून सुरू होतो आणि चौकोनात फिरत फिरत मधे जातो. काठ ठरेना तर सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही.

मागच्या वर्षी मी काय केलं ते तुला सांगितलं नव्हतं, लाज वाटली म्हणून. बाजारातून लालभडक कापड आणलं. दुकानदार म्हणाला, पक्का रंग आहे. न धुता तसंच भोवती लावलं. पहिल्याच धुण्यात काठ आटला, मधलं जुनेर काय आटणार, ते तर वीस वर्षं धुतलेलं. सगळी वाकळ तव्यावरच्या पापडासारखी कडेनं वर आली. वरून अस्तर गुलाबी. मिठाच्या पाण्यात भिजवून पाहिलं, जायचा तो रंग गेलाच. ती आता गोठ्यात वासराच्या अंगावर असते.

म्हणून या वेळी आईची लुगडी काढली. चैत्रात ती गेली, तेव्हा वहिनीनं मला तीन दिली होती. एक तिचं करवतकाठी, भंडाऱ्याकडचं टसरचं. त्याला कात्री लावायचा प्रश्नच नाही. पण पदर उलटून बराच वेळ पाहत बसले. तीन धोट्यांवर (आडवा दोरा नेतात ते) विणतात ते, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. म्हणून काठाचा रंग अंगात मिसळत नाही, दोन्ही भेटतात तिथं नुसते करवतीचे दाते. बोट फिरवलं तर लागतात. घडी घालून परत ठेवून दिलं.

दुसरं हिरवं सुती, गर्द लाल काठाचं. आठवते का तुला? शाळेतून आलो की याच लुगड्यात ती चुलीपुढं असायची, आणि तुला नेहमी माझ्याआधी वाढायची. अंग पार जाळीसारखं झालंय, उजेडाला धरलं तर अंगणातली तुळस दिसते. काठ मात्र जसाच्या तसा. मी तो फाडून बाजूला टाकत होते, रुंद पट्टी हवी म्हणून, तर शेजारची मोठी माय आली. "काऊन फेकतं वं? अंग फाटते, काठ नाही फाटत. काठात ताणा दाट असते." ताणा म्हणजे उभे दोरे. सत्तरीच्या पुढं आहे, चष्म्याशिवाय सुई ओवते. तिच्यापुढं काय बोलणार!

मग हिशोब केला. वाकळ 5 बाय 7 फूट, भोवताल 24 फूट. लुगडं नऊवार, म्हणजे 27 फूट. एक काठ पुरा भोवती फिरून वर दोन हात उरतो! दुसरा काठही होता, पण तो पायाशी घासणारा, ठिकठिकाणी उसवलेला. वरचाच घेतला.

आता खरी अडचण. काठ जेमतेम तीन बोटं रुंद, आणि मधे एवढी गजबज. तुकड्यांना थेट काठ भिडवून पाहिला तर तो दिसेचना, त्या चौकड्यांत हरवून गेला. मधे एक साधी पट्टी पाहिजे, एकाच रंगाची, डोळ्याला थांबायला. कोणत्या रंगाची, यावर घरात पंचायत बसली. पोरगी फोनवर म्हणाली पांढरी. वसतिगृहात पांढरी! हे म्हणाले काळी, मळत नाही. मोठ्या मायनं नुसते कानाला हात लावले. मी पिवळी धरून पाहिली, तर पिवळी अशी उठून आली की बाकी सगळं मागं गेलं. शेवटी वाकळ खाटेवर पसरली, दहा पावलं मागं गेले आणि डोळे बारीक करून पाहिलं. असं पाहिलं की तुकडे विरतात, नुसतं गडद-फिकं उरतं. मधलं सगळं मध्यम निघालं. म्हणजे पट्टी गडदच हवी, पण काठाच्या लालाहून वेगळी. स्कर्टाचा निळा मधे चार ठिकाणी आलाच आहे, त्याच्याच दोन छटा खालचा निळा घ्यायचा ठरवला.

मॅचिंगच्या दुकानात ट्यूबलाइटखाली एक थान अगदी बरोबर वाटलं. उंबऱ्याबाहेर आणलं तर जांभळं! दुकानदार वैतागला, पण मी पाच थानं उन्हात नेऊन पाहिली. पॉपलीन, 44 इंच पन्हा. 4 इंची सात पट्ट्या म्हणजे 28 इंच कापड, पाऊण मीटरात भागतं. मी मीटरभर घेतलं, आटण्यासाठी. घरी आल्याबरोबर बादलीत टाकलं आणि ओलं असताना पांढऱ्या रुमालावर घासलं. रुमाल कोरा राहिला तेव्हा कुठं जीव खाली पडला.

पट्टीचं माप या वेळी कडेनं घेतलं नाही. कड हाताळून हाताळून सैलावते, तिच्या मापानं पट्टी लावली की झालर पडते. वाकळीच्या मधोमध टेप धरून तेवढीच कापली, आणि कडेचं सैल टाचण्या लावून तिच्यात जिरवलं.

राहिले कोपरे. काठ दुमडून वळवला तर तिथं चार पदरी जाड होतो, सुई शिरत नाही, दाभण लागेल. मोठी माय म्हणते, कोपऱ्याला वेगळे चौकोन लाव. मग मला तुझी आई आठवली. त्यांचं ते मोरपंखी पातळ, हळदीकुंकवाला नेसायच्या ते, तुझ्याकडं आहे ना अजून? लाल आणि निळ्याच्या मधे मोरपंखीच बसेल. पदर नको, तो तू ठेव. आतल्या बाजूचं, निऱ्यांत जाणारं कापड पाहा, तिथं विरलेलं नसतं. काठाएवढे, माझ्या तीन बोटांचे चार चौकोन, शिवणीसाठी थोडं जास्त. आणि हो, धुऊन पाठव, रंग जातो का पाहून.

पोरगी पौषात येते आहे. तोवर टाके पुरे व्हायला हवेत, म्हणून जरा लवकर कर. भाऊजींना नमस्कार. तूर यंदा बरी आहे, डाळ झाली की पाठवते.

तुझी,
शालू