कर्नल, कॅनल आणि वकट-लेंड-मुंड

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत क्रिकेटमधल्या शब्दांवर जो लेख आला होता तो मी दोनदा वाचला, एकदा घरी आणि एकदा चक्कीवर दळणाचा नंबर लागेपर्यंत मोठ्यानं, कारण तिथं बसलेल्या चार लोकांना पण ऐकायचा होता. हॅटट्रिकची गोष्ट सगळ्यांना आवडली. १८५८ साली शेफिल्डला स्टीफन्सन नावाच्या बॉलरनं लागोपाठ तीन बॉलवर तीन विकेट काढल्या आणि लोकांनी वर्गणी करून त्याला टोपी घेऊन दिली. चक्कीवाला म्हणे आपल्या गावात झालं असतं तर कोंबडा भेटला असता आणि आज सारे लोक त्याला कोंबडाट्रिक म्हणत असते. खोटं नाही त्याचं, आमच्या इकडच्या टेनिस बॉल टुर्नामेंटमध्ये कोंबड्याचं बक्षीस मी स्वतः अंपायर असताना दिलेलं आहे.

पण साहेब, लेख पूर्ण इंग्लंडातच फिरून राहिला होता ना. शून्याला तिकडे बदकाचं अंडं म्हणत म्हणून डक झालं हे सांगितलं, पण आपण भोपळा म्हणतो, तोही गोल आहे म्हणूनच, हे एका ओळीत लिहायला काय हरकत होती? पायचीत, यष्टिचीत मधला चीत तर सरळ कुस्तीच्या आखाड्यातून उचललेला दिसते, पाठ टेकली की चीत, मला तर हा शब्द एलबीडब्ल्यूपेक्षा कितीतरी जिवंत वाटते. आणि 'दुसरा' घ्या, म्हणजे ऑफस्पिनरचा उलटा वळणारा बॉल, पाकिस्तानचा सकलेन मुश्ताक बॉलिंगला असला की विकेटमागून मोईन खान ओरडे, दुसरा टाक दुसरा, आणि तोच शब्द आता गोऱ्या कॉमेंटेटरच्या तोंडी बसला आहे. म्हणजे शब्द काही एकाच दिशेनं जात नाहीत.

आता मुख्य मुद्दा. आपला बॅट्समन दिलीप वेंगसरकर, त्याला कर्नल म्हणतात एवढंच तुमच्या लेखात होतं आणि गाडी पुढं निघून गेली. अहो हे नाव नागपूरचं आहे! १९७५ ला इराणी कपची मॅच नागपूरला होती, वेंगसरकर तेव्हा एकोणीस वर्षांचा पोट्टा, त्यानं बेदी-प्रसन्नासारख्या नावाजलेल्या स्पिनरांना उचलून उचलून मारत शतक ठोकलं आणि लोकांना सी. के. नायडू आठवले. सीके जन्मले नागपुरातच, १८९५ ला, होळकरांच्या फौजेत कर्नल होते, १९३२ ला लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या टेस्टचे कॅप्टन तेच, आणि १९२६ ला मुंबईत इंग्लंडहून आलेल्या एमसीसी टीमविरुद्ध त्यांनी ११ सिक्स मारले होते. म्हणजे एका नागपूरकराचं नाव नागपुरातच मुंबईच्या पोराला चिकटलं. विदर्भातल्या वाचकासाठी छापलेल्या पेपरात हे सुटावं याचं मला वाईट वाटलं, रागावलो नाही पण वाईट वाटलं.

हे मी एवढं मनावर काहून घेऊन राहिलो त्याला कारण आमच्या गावचा कॅनल. हा आमचा पॉईंटला उभा राहणारा फिल्डर, वीस-बावीस वर्षांआधीची गोष्ट, एका मॅचमध्ये त्याच्या दोन पायांच्या मधून चार बॉल वाहून गेले, तेव्हा बाउंड्रीवरून कोणीतरी ओरडलं, अबे फाटक लाव, कॅनल सुटला! झालं, नाव पडलं. पुढं त्याच्या लग्नाच्या पत्रिकेत पण 'ऊर्फ कॅनल' छापलं होतं, नाहीतर पाहुण्यांना समजलंच नसतं लग्न कोणाचं आहे. आणि आता त्याचा पोरगा शाळेत सांगून राहिला की आमचं वावर कॅनलजवळ आहे म्हणून बाबाला कॅनल म्हणतात. वावर आहे तिकडेच, हे पण खरं. पण कारण ते नाही ना! बावीस वर्षांत, पाहणारे सारे जिवंत असताना, मूळ पार बदलून गेलं. मी त्या पोराला खरं सांगितलं तर कॅनलच माझ्यावर चिडला.

याच्याहून मोठी गंमत विटीदांडूची आहे आणि तुमच्या लेखात तर विटीदांडूचं नावही नव्हतं. लहानपणी आम्ही मोजत होतो वकट, लेंड, मुंड, नाल, आर... झक्कूपर्यंत. मला पन्नाशीपर्यंत वाटे हे पोराटोरांचं काहीतरी बडबडणं आहे. आमच्या शेजारची काकू दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जाते, आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचे किती तरी लोक जातात, सगळ्यांना माहीत आहे. तिकडून आली तेव्हा ओसरीत बसून पोती कशी मोजायची ते माझ्या नातीला दाखवत होती, ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू, आरू. मी चहाचा कप खालीच ठेवला. वकट म्हणजे ओकटी, लेंड म्हणजे रेंडू, मुंड म्हणजे मूडू, नाल म्हणजे नालुगू! पाच तेवढा जागेवरून हलला आणि आमचा आर म्हणजे त्यांचा सहा, पोट्ट्यांनी पाचव्यावरच बसवून टाकला. सिरोंचा-राजुऱ्याकडे घराघरात तेलुगू बोलतात म्हणून आमच्याकडे आलं असेल म्हणावं, तर पुण्याकडचे लोकही हेच मोजतात, म्हणजे हे फारच जुनं आहे.

तर साहेब, दुसरा भाग छापणार असाल तर नागपूरचा कर्नल आणि ही तेलुगू विटी दोन्ही त्यात घ्या, कॅनलचं नाही घेतलं तरी चालेल, तो अजून बोलत नाही माझ्याशी.

काकूला मी हे सगळं समजावून सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणे, "म्हणजे मी पहिल्यांदा मिरचीला गेली तेव्हा मुकादम मला गिनती शिकवत होता, ते मले आधीच येत होतं? मंग त्यानं उगाच दोन दिवस डोकं खाल्लं माझं."

आपला एक वाचक,
मूल तालुका, जि. चंद्रपूर