तीनशेपट लहान पवनचक्की

पाचोरा

चि. दादू यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पवनचक्कीच्या माथ्यावर उभे राहून काढलेला तुझा फोटो धाकटीने जेवताना दाखवला, तेव्हा तुझ्या आईने ताट तसेच बाजूला सरकवले आणि मी तिला धीर देण्याऐवजी फोटोत मागे दिसणाऱ्या पवनचक्क्या मोजत बसलो. त्या दिवसापासून आपल्या घरच्या छोट्या रेल्वेच्या टेबलावर पवनचक्की उभारायला घेतली आहे. हे पत्र तिच्याविषयीच आहे. दुरुस्तीला वर चढताना लावायच्या बेल्टाबद्दल आणि हुकांबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण त्याचे प्रशिक्षण तुम्हाला रीतसर दिलेले असते.

पहिली अडचण प्रमाणाची आली. आपली पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर या छोट्या गाडीची प्रतिकृती, १:८७ या प्रमाणात आहे. खऱ्या रुळांमधल्या ७६२ मिलिमीटरला ८७ ने भागले की पावणेनऊच्या आसपास उत्तर येते, म्हणून ९ मिलिमीटरचे तयार रूळ तिला चालतील, हे तू आठवीत असताना शोधून काढले होतेस आणि मी ते गार्डांच्या खोलीत येईल त्याला सांगत होतो. तेच प्रमाण पवनचक्कीला लावले, तर तू सांगितलेला ८० मीटरचा मनोरा ९२ सेंटिमीटरचा होतो, ८२ मीटर व्यासाचा पंखा ९४ सेंटिमीटरचा, आणि वर गेलेल्या पात्याचे टोक टेबलापासून जवळजवळ १४० सेंटिमीटरवर पोहोचून माळ्याची फळी ओलांडते. एवढ्या उंचीवर माझा मुलगा रोज शिडीने चढतो हे मला आकड्यांत माहीत होते. आपल्याच शेंदुर्णी स्टेशनच्या बोटभर छपराशेजारी टेप उभी धरल्यावर मात्र मी खाली बसलो.

म्हणून पवनचक्की टेबलाच्या मागच्या कडेला, डोंगराच्या पलीकडे, १:३०० या प्रमाणात करायचे ठरवले. मागची वस्तू लहान केली की ती दूर असल्याचा भास होतो. ३०० हाच आकडा निवडण्याचे कारण मोटर आहे. बाजारात गिअरसह मिळणारी एन-२० नावाची मोटर रुंदीला १२ आणि जाडीला १० मिलिमीटर असते, आणि १:३०० ची नॅसेल, म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावरची यंत्रांची पेटी, साधारण १३ मिलिमीटर रुंद होते; पातळ पुठ्ठ्याची पेटी केली की मोटर तिच्यात बेताने बसते. प्रमाण याहून लहान घेतले असते, तर मोटर मनोऱ्याच्या बुडाशी ठेवून आत दांडा फिरवण्याची खटपट करावी लागली असती.

मनोरा ड्रॉइंग पेपरचा आहे. खाली ४१ आणि वर २५ मिलिमीटर रुंद अशी निमुळती पट्टी, शिवाय डिंकासाठी कडेला थोडी जागा. तुझ्या आईच्या विणकामाच्या सुईवर ती गोल वळवून कडा चिकटवली, की बुडाशी १३ आणि शेंड्याला ८ मिलिमीटर जाडीची, २७ सेंटिमीटर उंचीची पोकळ नळी तयार होते आणि मोटरच्या तारा तिच्यातूनच खाली उतरतात. रंग पांढरा दिला नाही. लांबची वस्तू हवेतल्या धुरकटपणामुळे फिकट निळसर दिसते, म्हणून राखाडीत निळ्याचा थेंब घालून चमक नसलेला रंग दिला आहे.

पाती बांबूच्या कामट्यांची आहेत, आणि खरे काम तिथेच आहे. तिन्ही पाती सराफाच्या काट्यावर सारख्या वजनाची करून आणली, तरी पंखा सुईवर अडकवून सोडला की एक पाते हटकून खाली येऊन थांबत होते. वजन सारखे असून भागत नाही. ते पात्यात कुठे आहे, बुंध्याकडे की टोकाकडे, यावर तोल ठरतो. खाली येणाऱ्या पात्याचे टोक काचकागदाने एकेक घासा देत उतरवत गेलो, तेव्हा कुठे पंखा फिरवून सोडला तर दर वेळी वेगळ्या जागी थांबू लागला. असा तोल नसेल, तर मोटर एका बाजूला वजन उचलते, दुसऱ्या बाजूला घसरते आणि फिरणे धक्क्याधक्क्याने दिसते. तोल गेल्यावर काय होते, हे तुला मी सांगायला नको. दुसरा हूक अडकवल्याशिवाय पहिला सोडायचा नाही, हात घामेजलेले असतील तर पुसल्याशिवाय पुढच्या पायरीला लावायचे नाहीत, आणि वारा वाढला किंवा लांब कुठे वीज चमकली, तर वरचे काम अर्धे टाकून उतरायचे, मग साहेब काहीही म्हणो. मी गार्डाच्या नोकरीत पाहिले आहे, की नवा माणूस सांभाळून असतो आणि ज्याला सवय झाली तोच घसरतो. हे लिहिणार नाही असे वर म्हटले होते. राग मानू नकोस.

तुला आठवत नसेल, पण पीजेने पहूरकडे जाताना ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे गार्डाच्या डब्याच्या, दारातून तू इतका बाहेर वाकायचास, की मी एका हाताने झेंडी आणि दुसऱ्या हाताने तुझ्या सदऱ्याची कॉलर धरून उभा असे. नाना म्हणायचे, पोराला आत बसव. मी बसवले नाही, कारण तुला डबे वळताना पाहायचे असत आणि तुझ्या तोंडावरचा आनंद मलाही पाहायचा असे. ती गाडी २०२० मध्ये थांबली. पीजेतून पवनचक्की कधीच दिसत नव्हती, पवनचक्क्यांचे साक्रीचे पठार कुठे आणि शेंदुर्णी कुठे; तरीही मी ती तिथे उभी करणार आहे, कारण टेबल आपले आहे.

वेगाचे तू म्हणालास ते पाळले आहे: मिनिटाला पंधरा-सोळा फेऱ्या. ३० फेऱ्यांची १२ व्होल्टची मोटर ६ व्होल्टवर चालवली की वेग निम्म्याच्या आसपास येतो. वीज रुळांवरून घेतलेली नाही, वेगळा अडॅप्टर लावला आहे. नाहीतर गाडी थांबली की वारा पडेल आणि गाडी मागे घेतली की पंखा उलटा फिरेल. शेजारचे अण्णा पाहायला आले, तेव्हा मी त्यांना सांगितले, की असल्या खऱ्या पवनचक्कीवर माझा मुलगा दुरुस्तीला चढतो. त्यांनी भीती वाटत नाही का असे विचारले. मी नाही म्हणालो.

कळण्याचे पीठ बसच्या पार्सलने पाठवत आहोत. पुढच्या दोन पवनचक्क्या करण्याआधी मला नॅसेलची खरी लांबी आणि मागच्या टोकाचा उतार हवा आहे. सध्या मी १० मीटर धरून चाललो आहे. माप तुमच्या ऑफिसातल्या आराखड्यावरून घे. त्यासाठी टेप घेऊन वर चढू नकोस.

तुझे
आप्पा