तिसऱ्या कडव्याबद्दल

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम. तू पाठवलेलं गाणं काल ऐकलं. पप्पा तर परत परत लावत होते, आत्याला फॉरवर्ड करायला निघाले होते, मीच म्हटलं जरा थांबा. चाल फार सुंदर बसलीये. पहिल्या कडव्याला मला भरून आलं, खरंच, हे आपल्या पोराला सुचलं असं वाटलं.

पण तिसऱ्या कडव्यात तू म्हणतोस की एका रात्रीच्या प्रार्थनेत फिटचे झटके गेले आणि औषध सुटलं. सुटलं का रे? डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्यात का? मला तर तू काहीच बोलला नाहीस.

गोळ्यांचं विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. असो.

मिशनच्या कामाला जायचं म्हणून तू बॅग भरून तयार होतास आणि मेडिकल रिपोर्ट बघून त्यांनी नाही म्हटलं, त्या दिवसापासून तू आमच्यासमोर एकदा पण रडला नाहीस. सगळे विचारतात आता पुढे काय, आणि तू हसून सांगतोस देवाची योजना असेल. असेलच, माझाही विश्वास आहे. प्रेषित पौलाला आशिया प्रांतात जायचं होतं, पवित्र आत्म्याने जाऊ दिलं नाही, मग बिथुनियाकडे निघाला तर तिथेही अडवलं, आणि शेवटी त्रोवसात रात्री दृष्टान्त झाला की मासेदोनियात ये. बायबलमध्ये, प्रेषितांची कृत्ये सोळाव्या अध्यायात, हे दोन-चार ओळींत उरकलंय, पण मधल्या त्या वाटेवर त्याला काय वाटलं असेल ते कुणी लिहिलं नाही. तू नेमका तिथे आहेस. मग दृष्टान्त झाल्यासारखं का लिहितोस?

तू वहीच्या पानाचा फोटो पाठवलास ना, चालीच्या खुणा दाखवायला, त्यात खाली एक ओळ खोडलेली दिसते. इतकी जोरात खोडलीस की कागद फाटलाय, तरी मी फोटो मोठा करून वाचली. ‘प्रभू, तू माझ्याशी बोलत का नाहीस.’ अख्ख्या गाण्यात मला ती ओळ सगळ्यात खरी वाटली आणि तीच तू काढलीस. ८८वं स्तोत्र काढून बघ, शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच आहे, तरी कुणी ते स्तोत्रांतून काढून टाकलं नाही.

आणि मार्कच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायातला तो बाप. त्याच्या पोरालाही असेच झटके यायचे, आगीत पडायचा, पाण्यात पडायचा. येशूसमोर तो ओरडून काय म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एका दमात बोलला, आणि येशूने त्याला हाकलून नाही दिलं. तुझं निदान झाल्यापासून मी रोज रात्री हेच म्हणते, यापेक्षा मोठी प्रार्थना मला जमत नाही.

मला भीती वेगळीच आहे. तुझं गाणं ऐकून फिट येणाऱ्या कुणाच्या घरी गोळ्यांचा डबा कपाटात गेला तर? ही औषधं अशी एकदम बंद केली की झटके जोरात उलटतात, जिवावर बेततं, डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. साक्ष म्हणून लिहिलेलं लोक खरं धरतात रे. कल्पना म्हणून लिही, प्रार्थना म्हणून लिही, पण ‘माझं झालं’ असं लिहायचं तर ते झालेलं पाहिजे.

आणि दुसरं, सांगूनच टाकते, ते कडवं खरं ठरवायला तू स्वतःच गोळ्या सोडशील याची मला भीती वाटते. रात्र रात्र जागून लिहितोस, जागरणाने झटका येतो हे तुला माहीत आहे, तरी मेसेज पहाटेचे असतात.

लेक्चर झालं, सॉरी. रागावू नकोस. तू आता मोठा आहेस, तुझं गाणं तुझं आहे. लहानपणी संडे स्कूलच्या कार्यक्रमात तू वचन विसरलास तेव्हा बाकीची पोरं काहीतरी पुटपुटून वेळ मारून न्यायची, तू सरळ माईकमध्ये सांगितलंस, पुढचं मला येत नाही, आणि खाली येऊन बसलास. पप्पा अजून कुणीही आलं की ते सांगतात, छाती फुगते त्यांची.

चाल बसवायला कॉयरच्या दादांनी मदत केली ना, त्यांचं नाव टाक. सगळीकडे तुझंच नाव गेलंय, ते बोलणार नाहीत पण त्यांना लागेल.

रेकॉर्डिंग घाईने करू नकोस, तिसरं कडवं नसलं तरी गाणं उभं राहतं. पुढच्या तपासणीला मी येऊ का? नको म्हणालास तर नाही येणार, पण तारीख कळव, आणि आज रात्रीची गोळी घेतलीस का तेवढं लिही.

तुझी,
मम्मी